हवामान खाते देवाकडे

आमच्या निफाड तालुक्यात हवामान खाते देवाकडे आहे. बाकीची सगळी खाती सरकारकडे. कांद्याचा भाव पडला तर लोक देवाचे नाव घेत नाहीत, दिल्लीचे घेतात. २०१८ च्या अखेरीस नैताळ्याच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले आणि ही गोष्ट देशभर गाजली. ते पैसे त्याला देवळातल्या, दर्ग्यातल्या किंवा चर्चमधल्या पेटीतही टाकता आले असते. पण तक्रार कोणत्या खिडकीवर करायची, हे लासलगावच्या लिलावात उन्हाळे काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. जुनी माणसे अस्मानी आणि सुलतानी म्हणत. त्यातल्या सुलतानीला जबाबदार धरायला निदान निवडणुका तरी आहेत. अस्मानीचे सगळे ओझे मात्र एकट्या देवावर.

हे ओझे किती अवघड आहे ते पाहायचे असेल तर डिसेंबरात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या घरसभेला यावे. नाताळाच्या आगेमागे निफाडची थंडी महाराष्ट्रभर गाजते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही बातमी मुंबईची माणसे पंख्याखाली बसून वाचतात. २०१८ च्या डिसेंबरात तो दोन अंशांच्या आसपास घुटमळत होता. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला नाही, मणी फुगायचा थांबतो, पुढे तडे जातात. आता एकाच ओसरीवर, एकाच सतरंजीवर, गहूवाला आणि द्राक्षवाला शेजारी शेजारी डोळे मिटून बसलेले असतात. गहूवाला म्हणतो, प्रभू, अशीच थंडी महिनाभर राहू दे. शेजारी बसलेला त्याचाच मेहुणा म्हणतो, प्रभू, ही थंडी आवर. मागून एक आत्याबाई कांद्यावर करपा येतोय, तेवढे आभाळ मोकळे कर म्हणून सांगतात. पाळकसाहेब अनुभवी. शेवटची प्रार्थना ते करतात तेव्हा गहू, द्राक्ष आणि कांदा यांपैकी कशाचेच नाव घेत नाहीत. सगळे त्याच्या इच्छेवर सोपवून आमेन म्हणतात आणि चहाकडे वळतात. इतका मुत्सद्दी माणूस बाजार समितीच्या निवडणुकीला उभा राहिला तर बिनविरोध येईल.

चहा येईपर्यंत मंडळी मोबाइल काढून हवामान पाहतात. आत्ताच ज्याच्या हाती सगळे सोपवले, त्याने काय ठरवले आहे ते कळावे म्हणून. एकाच्या मोबाइलवर ढग असतात, दुसऱ्याच्या मोबाइलवर लख्ख ऊन. मग ज्याच्यावर ऊन, त्या ॲपवर सगळ्यांचा विश्वास बसतो.

चहावरून आठवले. निफाडात जन्मलेला सर्वांत थोर माणूस म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. जन्म १८ जानेवारी १८४२. प्रार्थना समाजाच्या या आधारस्तंभाचा ईश्वरी योजनेवर इतका भरवसा, की इंग्रजांच्या राज्यामागेही त्यांना देवाचाच हात दिसे. निफाडची हवा लागलेला माणूस इतका आशावादी कसा निघाला, याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हा इथे द्राक्षे नव्हती, हेच कारण असावे. ओझरला पहिली बाग लागली ती १९२५ च्या सुमारास, असे सांगतात. रानड्यांनी १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला आणि त्यापायी पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. आमच्या घरसभेचा चहा त्या मानाने फारच स्वस्तात पडतो.

भरवसा ठेवणे आम्हाला जमत नाही, असे मात्र कुणी समजू नये. दिवसभर आम्ही दुसरे काही करतच नाही. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. त्या बाटलीवरचे बारीक इंग्रजी कुणी वाचत नाही. दुकानदार म्हणाला, म्हणून लावायची. उन्हाळ कांद्याचे बी घ्यायचे, ते खरोखर कसले आहे हे वाफ्यात डोंगळे दिसू लागल्यावर कळते. आणि द्राक्षाचा व्यापारी! फेब्रुवारीत कुणीतरी पांढऱ्या गाडीतून बांधावर उतरतो. घड हातात धरून उजेडात फिरवतो, एक मणी तोंडात टाकतो, शुगर किती आली म्हणून विचारतो आणि शेजाऱ्यापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त बोलतो. त्याचे आडनाव आम्हाला ठाऊक नसते; गाव तो सांगेल ते. बघता बघता बाग रिकामी होते, क्रेट गाडीत चढतात, आमच्या हातात वहीतून फाडलेली एक चिठ्ठी उरते आणि पंधरा दिवसांत पैसे, हा शब्द. वर्षाची कमाई, सोसायटीचे कर्ज, बँकेत ठेवलेले बायकोचे सोने, सगळे त्या चिठ्ठीवर. हंगाम सरताना तालुक्यातले काही जण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात, कारण व्यापाऱ्याचा फोन बंद असतो. पुढच्या फेब्रुवारीत दुसरी पांढरी गाडी येते आणि आम्ही पुन्हा मणी त्याच्या हातावर ठेवतो. शुभवर्तमानात येशूने बालकाचा विश्वास मागितला आहे. तो आम्ही ठेवला. फक्त माणूस चुकला.

देवाकडून मात्र आम्हाला आगाऊ रक्कम लागते. आधी मुलाला नोकरी लाव, मग उपकारस्तुतीची सभा ठेवतो. आधी बाग पार पडू दे, मग दशमांशाचे बघू. आणि जिथे जायचे नाही तिथल्या आमंत्रणाला आमचे ठरलेले उत्तर: प्रभूची इच्छा असली तर नक्की येऊ. प्रभूची इच्छा नव्हती, हे यजमानाला पंगत उठल्यावर कळते.

येशूचा शिष्य थोमा, त्याला तर उगाच बदनाम केले आहे. स्वतः जखमा पाहिल्या-चाचपल्याशिवाय येशू पुन्हा उठला हे मानणार नाही, असे तो एकदा म्हणाला आणि संशयी हे विशेषण त्याला कायमचे चिकटले. निफाडात त्याला कुणी नावे ठेवणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही काड्या कापून प्रयोगशाळेत देतो. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, की आत घड आहे की नुसता पाला. वेलीच्या पोटात घड धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, उन्हाळ्याच्या शेवटाला. डोळ्यांना दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. मधले महिने बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवावा, हा धडा वेल दरवर्षी शिकवायला तयार असते आणि आम्ही दरवर्षी फी भरून त्यातून सुटका करून घेतो. थोमा भारतात आला आणि दक्षिणेत राहिला, अशी परंपरा आहे. तो निफाडात उतरला असता तर डोळे तपासणीची प्रयोगशाळा त्याने नक्की काढली असती, आणि ती झकास चालली असती. पण एक आहे. रिपोर्टात घड आले म्हणून ते घरी येतीलच, असे कुठलीही प्रयोगशाळा लिहून देत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ होते. आभाळ दाटून राहिले की डावणी येते. सूक्ष्मदर्शकाची नजर जिथे संपते तिथून पुढे पुन्हा आपण आणि देव.

आमच्याहून वस्ताद युरोप. चर्च मिशनरी सोसायटीची माणसे १८३२ मध्ये नाशकात आली; शरणपूरची ख्रिस्ती वस्ती त्यांनीच वसवली. विश्वासाचा संदेश घेऊन माणसे पाठवणाऱ्या त्याच युरोपने २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. आता तिकडे माल पाठवायचा तर बागेची नोंदणी करावी लागते, नमुना तपासून घ्यावा लागतो, रिपोर्ट जोडावा लागतो. पणजोबांना त्यांनी सांगितले, न पाहता विश्वास ठेव. पणतवाला सांगतात, आधी रिपोर्ट दाखव. लोक यावर हसतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. देवावरचा विश्वास आणि फवारणी करणाऱ्यावरचा विश्वास, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. जी फांदी फळ देते तिचीही छाटणी होते, अधिक फळ यावे म्हणून. हा अध्याय शहरातल्या मंडळीत वाचला की लोक माना डोलावतात. आमच्याकडे वाचला की बाकांवर चुळबूळ सुरू होते, कारण छाटणी काय असते हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. एप्रिलच्या उन्हात भरली बाग उघडीबोडकी करायची, पाहवत नाही. त्यातून थंड मुलखातली वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून तिची छाटणी वर्षातून एकदा. आपल्या हवेत ती झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटायचे आणि पीक मात्र एकच घ्यायचे. आमच्या आजीचे म्हणणे असे, की निफाडच्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला दुःख जरा जास्त येते ते याचमुळे, हवामानच तसे. आजीला बायबल तोंडपाठ होते आणि छाटणीची कात्रीही चालवता येत होती, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची पाळकसाहेबांचीही प्राज्ञा नव्हती.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट तर आमच्याकडे वाचूच नये, असे माझे मत आहे. सकाळपासून उन्हात राबलेल्याला जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्याला. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, एकरावर उक्ते ठरते, ठरावासाठी चहाच्या किटल्या रिकाम्या होतात. एका रविवारी हा उपदेश झाला तेव्हा एक मुकादम सहज म्हणून मागच्या बाकावर येऊन बसला होता. उपासना सुटल्यावर त्याने पाळकसाहेबांना अडवून विचारले, त्या मालकाची बाग किती एकर होती? पाळकसाहेब म्हणाले, ते लिहिलेले नाही. मुकादम म्हणाला, मग दुसऱ्या दिवशी सकाळी किती मजूर आले, तेही लिहिलेले नसेल.

नव्हतेच लिहिलेले. देवाचे औदार्य ऐकायला गोड. हजेरीपत्रक सांभाळणाऱ्याला ते महाग पडते.

पाखरांचेही तेच. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने उद्याची चिंता सोडायला सांगितले आणि दाखला म्हणून आभाळातली पाखरे दाखवली. पाखरे पाहायची तर आमच्याइतकी सोय कुणाची नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आमच्याच तालुक्यात. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ स्थळ ठरले. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब असे पाहुणे येतात आणि त्यांना पाहायला दुर्बिणी लटकवलेले पाहुणे येतात. पाखरांना नांगर नाही, गोदाम नाही, सोसायटीचे कर्ज नाही, तरी पोटे भरलेली. देवच त्यांना खायला घालतो यात शंका नाही. फक्त ते आमच्या शेतातले असते. हंस हरभऱ्यात उतरतात, साळुंक्या आणि बुलबुल द्राक्षांत. म्हणून जानेवारीत आम्ही बागेच्या कडेने जुन्या साड्या बांधतो. लाल, जांभळ्या, मोरपिशी, जरीच्या सुद्धा. परक्या माणसाला वाटावे, इथे कुणाचे तरी लग्न निघाले आहे. पाखरांकडे पाहून निश्चिंत व्हायचे तर ती कुणाच्या जिवावर निश्चिंत आहेत तेही पाहावे. देव एकाला बिनघोर ठेवतो तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी कामाला लावतो.

याचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. टिळकांचा देवावरचा भरवसा अफाट. त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांत रविवारी गायली जातात. हातात पैसा आला, की तो समोर येईल त्या गरजवंताचा. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडून दिली आणि ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी मांडली. उद्याचे काय, हा प्रश्न त्यांना पडला नसावा. तो बाईंना पडला. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. वाचताना हसून मुरकुंडी वळते, पण नीट पाहिले तर त्यातला पुष्कळसा विनोद रिकाम्या डब्यांतून निघाला आहे. ज्या घरात एकजण देवावर हवाला ठेवतो, त्या घरात दुसऱ्याला पिठाच्या डब्याचा तळ पाहावा लागतो. मला विचाराल तर दोघांत भरवसा मोठा बाईंचा. टिळकांना फक्त देवावर विश्वास ठेवायचा होता. बाईंना देवावर ठेवायचा होता आणि टिळकांवरही.

आमच्या घरी हा सामना फळपीक विम्याच्या वेळी रंगतो. या विम्याचे असे, की पाऊस तुमच्या बागेत पडून भागत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्रातही त्याने हजेरी लावावी लागते. मी म्हणतो, कशाला ते, देव आहे. बायको म्हणते, “अहो, देव आहेच. पण फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या आहे.”

यावर मी एकदा पाळकसाहेबांचे मत घेतले. विमा उतरवणे म्हणजे देवावर अविश्वास का? त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. सैतानाची गोष्ट काढली. सैतानाने येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेले आणि म्हटले, मार उडी, देवदूत झेलतील. येशूने नाही म्हटले, देवाची परीक्षा पाहायची नसते. “मग तो खाली कसा आला?” पाळकसाहेबांनी मला विचारले. मी गप्प. “जिन्याने आला असेल,” ते म्हणाले. “जा, फॉर्म भरा.”

या जिन्यावर कुणी उपदेश करत नाही, करायला हवा. पंडिता रमाबाईंचे घ्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवले. त्याचे चरित्र वाचून रमाबाई भारावून गेल्या होत्या. पण विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दिलेले मदतीचे वचन दहा वर्षांचे होते आणि ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. बाईंनी काय केले? प्रार्थना केली, आणि केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. विहिरी खणल्या. बागेच्या उत्पन्नावर पुढे संस्था चालावी, असा हिशेब. झाडे फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला; मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना आणि विधवांना आणले. बागेच्या हिशेबात बसणाऱ्या त्या नव्हत्याच. खाणारी तोंडे शेकड्यांनी वाढली आणि बाग लहानच राहिली. म्हणजे आधी हिशेब, मग दुष्काळाने हिशेबाची वासलात, आणि तरी मुक्ती मिशन उभे. ते केडगावला अजून आहे. रमाबाईंच्या श्रद्धेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या विहिरींबद्दल कमी लिहिले गेले, याचे मला बागायतदार म्हणून वाईट वाटते.

भाव देवाकडे नसतो असे मी सुरुवातीला म्हणालो, त्याला एक अपवाद आहे. सुगीच्या सणाला आम्ही पहिले पीक वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोबी, गवार, अंडी, गावठी कोंबडा, कांद्याची माळ. आदल्या दिवशी लासलगावात कांद्याला कुणी विचारलेले नसते आणि इथे तीच माळ दोन व्याही ईर्ष्येला पेटून शंभराच्या पटीत नेतात. मागे बसलेला मूळ मालक डोळे विस्फारून पाहत असतो. आडत नाही, हमाली नाही, निर्यातबंदी नाही. असा बाजार वर्षातून एकदाच भरतो, हीच काय ती अडचण.

हे सारे हसत बोलायला ठीक. २६ नोव्हेंबर २०२३ ला हसू येत नव्हते. रविवार होता. त्या दिवशी तालुक्यात पाऊस, वारा आणि गारा अशा काही कोसळल्या की कित्येक बागांत तारेवर नुसत्या काड्या राहिल्या. पाने चिंधड्या होऊन चिखलात, घड जमिनीवर. घड गेले म्हणजे एक वर्ष गेले. काडीला मार बसला तर पुढचेही. गारांची रीत विचित्र असते. पट्टा धरून जातात. बांधाच्या अलीकडे सत्यानाश आणि पलीकडे पानावर ओरखडा नाही.

पुढच्या रविवारी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. साक्षीच्या वेळी एकजण उठला. म्हणाला, गारा आमच्या बांधापर्यंत आल्या आणि थांबल्या. प्रभूने आमची बाग राखली. बोलताना त्याचा गळा दाटून आला. माणूस सच्चा, त्यात काही खोट नाही. पण त्या बांधाच्या अलीकडचे जोडपे त्याच्याच मागच्या बाकावर बसलेले होते. बांध तोच. ज्याने याची राखली, त्याने त्यांची का नाही राखली, हा प्रश्न सगळ्या बाकांवर एकदम येऊन बसला. कुणी आमेन म्हटले, कुणी खाकरले. पाळकसाहेब वहीत पाहू लागले.

उपासना संपल्यावर त्या बाई चप्पल घालून सरळ त्या माणसापाशी गेल्या. आता काहीतरी होणार म्हणून आम्ही जवळ सरकलो. बाई म्हणाल्या, “दादा, तुमची राहिली ते बरं झालं. आम्ही विरळणीला टोळी सांगून बसलोय. त्यांची माणसं उतरली पण. आता तुमच्याकडे लावा त्यांना, नाहीतर पोरंबाळं घेऊन बिचारे रिकाम्या हाताने परत जातील.” दादा मान हलवत राहिला; त्याला बोलता येईना. बाईंनी टोळीच्या मुकादमाचा नंबर दिला आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी टोळी बांध ओलांडून पलीकडे गेली. तो प्रश्न कुणी सोडवला नाही, अजूनही सुटलेला नाही. बाईंनी तो सुटायची वाट पाहिली नाही, इतकेच.

मार्काच्या चौथ्या अध्यायात एक बारीकसा तपशील आहे. वादळात नाव पाण्याने भरू लागलेली आणि येशू मागच्या बाजूला झोपलेला, डोक्याखाली उशी. चौघा शुभवर्तमानकारांपैकी मार्कानेच ही उशी नोंदवली आणि मला ती फार आवडते. आमच्या मंडळीतल्या विश्वासाची मोजदाद करायची झाली, तर मी ती रविवारी चर्चमध्ये करणार नाही. जानेवारीच्या रात्री दारोदार फिरून करीन. पारा घसरतो तेव्हा रात्री-अपरात्री उठून ठिबक सोडायचे, कारण विहिरीच्या पाण्याला ऊब असते. बांधावर शेकोट्या पेटवून बागेत धूर धरायचा. हाताने करण्यासारखे तेवढे करायचे आणि घरी यायचे. त्यानंतर जो अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागतो, तो खरा विश्वासू. साक्ष देत नाही, गाणे बरे म्हणत नाही, उपदेशातही घोरतो कदाचित. पण त्याला माझे शंभरपैकी शंभर. आमच्या घरात हे गुण बायकोला पडतात. मी कौले मोजत पडलेला असतो आणि अधूनमधून मोबाइलवर पारा पाहतो. ती कूस बदलून म्हणते, “अहो, तुम्ही बघून तो चढणार आहे का?”

तर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला याल, तेव्हा तासभर काढून आमच्याकडेही या. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, साड्या बांधलेल्या बागांपुढे, आम्ही द्राक्षे मांडून बसलेले असतो. चव बघा, घासाघीस करा, गोडी कमी असेल तर तोंडावर सांगा. मात्र उधारी मागू नका. ती आता फक्त देवाशी चालते. पैसे रोख द्या. फोनवरून पाठवलेत तरी हरकत नाही, पण मिळाले म्हणून यंत्र बोलेपर्यंत गाडी सुरू करू नका.